न खोदता केबलचा फॉल्ट कसा सापडतो, आणि तरीही खड्डे दोन का पडतात?

सोसायटीला वीज देणारी ११ केव्हीची भूमिगत केबल पावसात बंद पडली, तेव्हा आलेल्या पथकाने व्हॅनमध्ये बसूनच फॉल्टचे अंतर कसे सांगितले आणि अंतर कळूनही दोनदा का खोदावे लागले, असे आपण विचारले आहे. केबल टेस्टिंगच्या कामात माझी बरीच वर्षे गेली असल्यामुळे दोन्ही प्रश्नांचे उत्तर देतो.

व्हॅनमधले यंत्र केबलच्या टोकातून विजेचा एक छोटा पल्स सोडते. केबल जिथे तुटली आहे, शॉर्ट झाली आहे किंवा संपली आहे, तिथून तो परत फिरतो. एक्सएलपीई, म्हणजे एका प्रकारच्या प्लास्टिकचे इन्सुलेशन असलेल्या केबलमध्ये पल्स एका मायक्रोसेकंदात साधारण १७० मीटर जातो. जाणे-येणे धरले तर हिशेबाला ८५ मीटर उरतात. म्हणजे परतीचा पल्स ८ मायक्रोसेकंदांनी आला, तर फॉल्ट ६८० मीटरवर. वाहक तुटला असेल तर पडद्यावरची रेघ वर उठते, शॉर्ट असेल तर खाली जाते.

पावसाळ्यातला फॉल्ट मात्र सहसा इतका सरळ नसतो. जॉइंटमध्ये पाणी शिरल्यामुळे मेगरवर, म्हणजे इन्सुलेशन तपासणाऱ्या मीटरवर, तो फेज (केबलमधल्या तीन वाहकांपैकी एक) खराब दिसतो, पण त्या जागेचा रोध अजून काही हजार ओहम असतो आणि कमी व्होल्टेजचा पल्स तिथे न अडता पुढे निघून जातो. अशा वेळी कपॅसिटरमध्ये साठवलेले काही हजार व्होल्ट एकदम केबलमध्ये सोडतात. खराब जागी क्षणभर ठिणगी पेटते आणि ती पेटलेली असेपर्यंत ती जागा शॉर्टसारखी वागते. त्याच क्षणी पल्स पाठवून मिळालेली रेघ आधीच्या रेघेवर ठेवली, की दोन्ही जिथून वेगळ्या होतात तिथे फॉल्ट. हे पडद्यावर पहिल्यांदा पाहिले तेव्हा मी थक्क झालो होतो, आणि आजही ते पाहताना तितकाच आनंद होतो.

खांबांवरच्या उघड्या लाइनची गोष्ट थोडी वेगळी आहे. तिथे सबस्टेशनमधले फॉल्ट ओळखणारे उपकरण, म्हणजे डिस्टन्स रिले, व्होल्टेजला करंटने भागून अंतर काढते. पण लाइनवर झाडाची फांदी टेकली असेल तर फांदीचा रोधही त्या भागाकारात मिसळतो आणि आकडा चुकतो. म्हणून मोठ्या लाइनवर दोन्ही टोकांना जीपीएसने जुळवलेली घड्याळे ठेवून फॉल्टची लाट कुठे किती वाजता पोहोचली ते पाहतात. त्या वेळांच्या फरकात एका मायक्रोसेकंदाची चूक झाली तरी जागा सुमारे १५० मीटरच सरकते.

आता आपल्या खड्ड्यांविषयी. यंत्र सांगते ते केबलच्या लांबीवरचे अंतर, रस्त्यावरचे नव्हे. जॉइंट करताना पुढच्या दुरुस्तीसाठी जमिनीत केबलचा लूप ठेवलेला असतो, शिवाय केबल गटार आणि पाइप चुकवत वळत गेलेली असते. त्यामुळे रस्ता मोजून गेलेला माणूस फॉल्टच्या पुढे निघून जातो. एकदा मी स्वतः असाच चाकाने रस्ता मोजून खड्डा घ्यायला लावला आणि आत निघाली ती धडधाकट केबल. नंतर मागे येत मायक्रोफोन जमिनीला लावत गेलो, तेव्हा पंधरा-सोळा पावलांवर फॉल्टच्या ठिणगीचा ठोका सर्वांत स्पष्ट आला. तिथे खोदल्यावर मातीला जळका वास येत होता आणि जॉइंटच्या फाटलेल्या स्लीव्हमधून पाणी गळत होते.

रात्री आपण ऐकलेले ठोके त्याच ठिणगीचे. ठिणगीबरोबर निघालेले चुंबकीय क्षेत्र उपकरणापर्यंत तत्काळ पोहोचते, आवाज मातीतून सावकाश येतो. दोन्ही पोहोचण्यातला वेळेचा फरक जिथे सर्वांत कमी, तिथेच खाली फॉल्ट. फक्त आवाजाच्या मोठेपणावर गेले तर फसगत होते, कारण रस्त्याखाली केबल पाइपातून नेलेली असली तर ठोका पाइपाच्या तोंडाशी घुमतो. आपल्या रस्त्यावरही केबल पाइपातून गेली असेल, तर पहिला खड्डा बहुधा त्या तोंडाशीच पडला असावा.