वाचक विचारतात : जाळं की गुंतवळ?

प्रश्न : शिरोली-गोकुळ शिरगाव भागातल्या १४० फाउंड्री (ओतकामाचे कारखाने), पॅटर्न शॉप (ओतकामाचे नमुने बनवणारे) आणि मशीन शॉपची वर्षभराची खरेदी-बिलं गोळा करून कोण कोणाकडून माल घेतं याचं जाळं गेफी या जाळी काढणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये काढलं. पडद्यावर नुसता गुंतवळ दिसतो. काय चुकलं?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : घोळ बहुधा गेफीत नाही, एक्सेलमध्ये आहे. एकाच कारखान्याच्या नावामागे कुठे 'मे.' असतं, कुठे 'एंटरप्रायझेस'चं 'एंटर.' होतं, गेफी त्यांचे वेगवेगळे ठिपके काढतं. नावाच्या नादी लागू नका. जीएसटी क्रमांकाच्या १५ अक्षरांपैकी पहिली २ राज्याची (महाराष्ट्र २७, गोवा ३०) आणि पुढची १० पॅनची. ती १०च ओळख म्हणून धरा, म्हणजे कंपनीची गोव्यातली शाखाही तिच्यातच येईल. मात्र एकाच मालकाची दोन वर्कशॉप असतील तर तीही एक होतील, ती हातानं सोडवा. बिगरनोंदणी पॅटर्नवाल्यांना तुमचे स्वतःचे क्रमांक द्या.

मग वीज, बँक, ट्रान्सपोर्ट आणि पेट्रोल पंपाची बिलं काढून टाका. महावितरण सगळ्यांशीच जोडलेलं, त्यामुळे सगळे ठिपके मध्येच ओढले जातात. निम्मा गुंता इथेच सुटतो.

रेघांच्या तक्त्यात 'सोर्स' म्हणजे विकणारा, 'टार्गेट' म्हणजे घेणारा. रेघा 'डायरेक्टेड' ठेवा, नाहीतर माल कुठून कुठे गेला ते कळणार नाही. 'वेट'मध्ये, म्हणजे रेघेच्या वजनात, थेट रुपये भरले असतील तर दोन-चार मोठे व्यवहार बाकी चित्र चिरडतात. ठिपक्यांची मांडणी करणाऱ्या फोर्सअॅटलस२ मध्ये 'एज वेट इन्फ्लुअन्स' ० करा, म्हणजे मांडणीत रेघेचं वजन धरलं जाणार नाही. 'स्केलिंग' वाढवा म्हणजे ठिपके लांब होतील, ते स्थिरावले की एकमेकांवर चढू नयेत म्हणून 'प्रिव्हेंट ओव्हरलॅप' लावून थांबवा. कोण वर, कोण खाली याला काही अर्थ नसतो.

आता फिल्टर. 'एज वेट'ची पट्टी हळूहळू उजवीकडे सरकवा, किरकोळ रेघा गळतात. एकाच कारखान्याभोवती पाहायचं तर 'इगो नेटवर्क', खोली १, म्हणजे फक्त त्याच्याशी थेट जोडलेले.

ठिपक्याचा आकार उलाढालीवरून ठरवू नका. 'नेटवर्क डायमीटर' चालवलं की 'बिटवीननेस'चा (इतरांमधल्या सर्वात जवळच्या वाटा त्या ठिपक्यातून किती जातात याचा) रकाना मिळतो, त्यावरून ठरवा. मग चार-पाच रेघांचं एखादं हीट ट्रीटमेंट युनिटही फुगून दिसू शकतं : दोन गटांमधला माल त्याच्यातूनच जात असतो. ते बंद पडलं तर कोण अडकेल, हे पाहायचं तर तो ठिपका पुसून बघा. मूळ फाइलवर नको, प्रतीवर.

ज्यांची बिलं तुमच्याकडे नाहीत त्या बाहेरच्या कंपन्यांना राखाडी रंग द्या. त्यांच्या रेघा एकाच बाजूनं आल्यात, म्हणून त्या कंपन्या आहेत त्याहून लहान दिसतात.