दहा-पंधरा जणांची निवांत सायकल सहल खेड्यापाड्यांतून काढायची असेल, तर आखणी कशी करावी?

प्रश्नाखालच्या तपशिलात आपण लिहिले आहे की आपण लातूरचे आहात, सोबत पंचविशीपासून साठीपर्यंतचे बारा-चौदा जण आहेत, डिसेंबरातल्या एखाद्या रविवारी सकाळी निघून दुपारपर्यंत घरी यायचे आहे, आणि मार्ग कोणता घ्यावा, अंतर किती ठेवावे व सायकल कोणती लागेल हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे. तिन्हींची उत्तरे पुढे येतील. पण सर्वांत शेवटी कोण चालवणार आणि प्रत्येक फाट्यावर कोण थांबणार, हे आपण विचारलेले नाही, आणि ते ठरल्याखेरीज मार्ग ठरवण्यात काही अर्थ नाही, असे माझे ठाम मत आहे. ते कसे बनले हे सांगितल्याशिवाय पटणार नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

माझे वडील, ज्यांना आम्ही घरी अण्णा म्हणतो, पशुधन पर्यवेक्षक होते. खेड्यातले लोक त्यांना ढोरांचे डॉक्टर म्हणत. नोकरीची पहिली वीस वर्षे त्यांनी चाकूर आणि अहमदपूर तालुक्यांतली गावे बावीस इंची काळ्या सायकलीवर, कॅरिअरला लसींचा थर्मास बांधून पालथी घातली. निवृत्तीनंतर ती सायकल त्यांनी विकली नाही. दर दिवाळीला तिची फ्रीव्हील स्वतः उघडून रॉकेलने धुणे हा त्यांचा नेम होता. काही वर्षांपूर्वी माझ्या ओळखीतल्या एका संयोजकाने लातूर ते औसा अशी सायकल फेरी जाहीर केली आणि संदेशात ‘निवांत, गप्पा मारत, सर्व वयोगटांसाठी’ असे शब्द घातले. ते वाचून मीच अण्णांना आग्रह केला. तेव्हा त्यांचे वय सहासष्ट होते.

आम्ही पंधरा जण सकाळी साडेसहाला निघालो. पौषातली थंडी होती, बोटे ब्रेकवर आखडत होती. पहिले चार-पाच किलोमीटर सगळे खरोखरच बरोबर होते. मग पुढे दोघांत चुरस लागली, त्यांच्यामागे आणखी चौघे ओढले गेले, आणि बुधोड्याच्या पुढे महामार्ग सोडून आतल्या रस्त्याला लागेपर्यंत आमची रांग दोन किलोमीटर लांब झाली होती. मी त्या पुढच्या सहा जणांत होतो. नवी गिअरची सायकल होती, पाय चालत होते, आणि मागे वळून पाहायचे मला सुचले नाही. अण्णांचा मोबाईल, पडू नये म्हणून, माझ्या पाठीवरच्या पिशवीत होता.

औशाच्या किल्ल्यापाशी आम्ही नऊच्या सुमारास पोहोचलो. हा बहमनी काळातला भुईकोट आहे; भोवतालची जमीन उंच असल्यामुळे अगदी जवळ जाईपर्यंत तो नजरेत भरत नाही. खंदकापाशी फलक धरून छायाचित्र काढायचे ठरले तेव्हा कोणीतरी माणसे मोजली आणि ती चौदा भरली. पंधरावा माणूस माझा बाप होता. त्याआधी दोन ठिकाणी आम्ही पाणी प्यायला थांबलो होतो, आणि दोन्ही वेळा मोजदाद झाली नव्हती.

संयोजक म्हणाले, “येतील हो, रस्ता सरळ आहे.” रस्ता सरळ नव्हता. वाटेत एका फाट्यावर उजवीकडे खडी उखडलेला रस्ता होता आणि डावीकडे नुकतेच डांबर पडलेले होते. औशाचा रस्ता उजवीकडचा होता. अनोळखी माणूस डांबरीच धरणार, आणि अण्णांनी तोच धरला. छायाचित्र तेरा जणांचे निघाले. मी त्यात उभा राहिलो नाही, एवढेच मला आज सांगता येते. मी उलटा फिरलो, फाट्यावर आलो, चहाच्या टपरीवर चौकशी केली आणि डाव्या रस्त्याने सहा-सात किलोमीटर आत गेलो. तोवर सव्वाअकरा झाले होते.

एका शेताच्या बांधावर त्यांची सायकल कडुलिंबाला टेकवलेली दिसली.  फाट्यावर चुकून इथवर आल्यावर मागच्या चाकात सराट्याचा काटा घुसून पंक्चर झाले होते. मागे कोणीच नसल्यामुळे त्यांनी एकट्यानेच चाक उघडले, शेतकऱ्याकडून घमेल्यात पाणी घेऊन बुडबुडा शोधला, ट्यूब घासून ठिगळ लावले आणि त्याच रस्त्याने निघाले. पुढे रस्ता चुकल्याचे कळल्यावर ते परतले, आणि परतताना याच शेतकऱ्याने पुन्हा हाक मारली, कारण बोलण्यातून यांचा पेशा त्याला कळला होता. मी पोहोचलो तेव्हा अण्णा एका बैलाच्या खांद्यावर तळहात ठेवून सूज चाचपत होते आणि जू किती दिवस ठेवायचे नाही ते सांगत होते. माझ्याकडे पाहून ते रागावले नाहीत. “फाट्यावर एक माणूस हुबा केला असता तर झालं असतं की,” एवढेच म्हणाले, आणि पुन्हा बैलाकडे वळले.

त्या संध्याकाळी संयोजकांशी माझा जो वाद झाला, तो अजून संपलेला नाही. एखाद्या लग्नात गाठ पडली तरी तो पुन्हा निघतो. त्यांचे म्हणणे असे की सायकल हा शिस्तीचा खेळ आहे, ज्याने त्याने आपली तयारी करून यावे, दुसऱ्यासाठी थांबत राहिले की अंग गार पडते आणि लय मोडते. याचे उत्तर मी इथे एकदाच नीट लिहून ठेवतो. ते गृहस्थ ब्रेवे करतात, म्हणजे 200 किलोमीटर साडेतेरा तासांत, 300 वीस तासांत, 600 चाळीस तासांत, अशा नेमून दिलेल्या वेळेतल्या लांब पल्ल्याच्या फेऱ्या. तिथे नियमच असा आहे की ठरलेल्या नियंत्रण ठिकाणांखेरीज वाटेत कोणाची मदत घ्यायची नाही, स्वतःचे पंक्चर स्वतः काढायचे आणि रस्ता स्वतः शोधायचा. त्या प्रकारात हे योग्यच आहे, आणि त्यातली त्यांची चिकाटी मी मानतो. परंतु तो नियम उचलून ‘सर्व वयोगटांसाठी’ असे लिहिलेल्या रविवारच्या फेरीला लावणे ही शिस्त नव्हे, ती बेजबाबदारी आहे. निवांत म्हणून बोलावलेल्या माणसाला वाटेत एकटे सोडण्याचा अधिकार संयोजकाला नसतो. आणि लय मोडते म्हणाल, तर ती मोडावीच. गप्पा मारत जायचे म्हटल्यावर लय गप्पांची धरायची.

यातला एक भाग पुष्कळांच्या लक्षात येत नाही. पुढचे लोक थांब्यावर पोहोचतात, पाणी पितात, दहा मिनिटे बसतात. शेवटचा माणूस दमून येतो, आणि तो सायकलीवरून पाय खाली टेकतो तेवढ्यात ‘चला, आले सगळे’ म्हणून पुढचे निघतात. म्हणजे ज्याला विश्रांतीची सर्वांत जास्त गरज, त्यालाच ती मिळत नाही, आणि असे तीन थांबे झाले की तो माणूस पुन्हा कधी येत नाही. म्हणून त्यानंतर आम्ही काढतो त्या फेऱ्यांत थांब्याची वेळ शेवटची सायकल आल्यापासून मोजतात. फाटा आला की सर्वांत पुढचा सायकलस्वार तिथेच उभा राहतो आणि शेवटचा माणूस तिथे येईपर्यंत हलत नाही; मग तो शेवटच्याच्या बरोबर येतो आणि पुढच्या फाट्याला दुसरा कोणी उभा राहतो. यामुळे जोरात चालवणारे आपोआप मागे येत राहतात, कोणाला वेगळे रागवावे लागत नाही. अगदी शेवटी एक ठरलेला माणूस असतो, त्याच्याकडे पंप, पाने, सोल्यूशन आणि ठिगळे असतात, आणि तो कोणत्याही कारणाने कोणाच्या पुढे जात नाही. गेली काही वर्षे ती जागा अण्णांची आहे. ती त्यांनी स्वतःहून मागून घेतली.

आता आपले प्रश्न. अंतर जाऊन-येऊन तीस किलोमीटरच्या वर नेऊ नका. ताशी बारा किलोमीटर धरले तर अडीच तास चालवणे आणि तेवढेच थांबणे, अशी सकाळ बरोबर भरते. औसा महामार्गानेच वीस किलोमीटर आहे, आतल्या रस्त्यांनी आणखी पाच-सहा वाढतात, म्हणजे दोन्ही बाजूंनी चालवायचे झाल्यास मिश्र वयाच्या गटाला ते जास्त होते. परतीला एखादा छोटा हत्ती, म्हणजे लहान टेम्पो, सांगून ठेवा आणि थकलेल्यांच्या सायकली त्यात चढवा, त्यात कमीपणा काही नाही. शिवाय डिसेंबरात आपल्याकडे वारा पूर्वेकडून आणि ईशान्येकडून येतो, औसा नैऋत्येला आहे, म्हणजे जाताना तो पाठीशी आणि येताना तोंडावर. सकाळी तो जाणवत नाही, दहानंतर चांगलाच जाणवतो. पाहण्याजोगे ठिकाण हवेच, असे मला वाटत नाही. खरोसा लेण्यांचा मोह पुष्कळांना होतो, पण ती लातूरहून चाळीस किलोमीटरच्या पुढे आहेत. हेच उत्तर वाचणारे कोणी धाराशिवचे असतील तर त्यांच्यासाठी संत गोरोबाकाकांचे तेर वीसेक किलोमीटरवर आहे, आणि छत्रपती संभाजीनगरकरांना देवगिरी किल्ल्याचा पायथा पंधरा किलोमीटरवर आहे. खुलताबादच्या घाटात मात्र निवांत गट नेऊ नये.

उसाच्या गाड्या टाळा. कारखाने सुरू असताना एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या असतात, ऊस दोन्ही अंगांनी बाहेर लोंबत असतो, आणि मागच्या ट्रॉलीची शेपूट वळणावर कुठे जाईल हे चालकाच्याही हातात नसते. कारखान्याकडे जाणारा रस्ता कितीही चांगला असला तरी सोडून द्या.

तारीख ठरवताना येळवस, म्हणजे वेळ अमावास्या, कधी आहे ते पाहा. मार्गशीर्ष अमावास्येला आपल्या आणि धाराशिव जिल्ह्यात सगळे शिवारात असतात, हे आपल्याला सांगायला नको. त्या दिवशी सकाळी रस्ते गर्दीचे असतात आणि दुपारी गावे ओस पडतात. फेरी त्याच दिवशी काढायची हौस असेल तर अंतर निम्मे करा, कारण शेतातल्या प्रत्येक कोपीपासून, म्हणजे खोपीपासून, हाक येईल, भज्जी, उंडे आणि आंबील घेतल्याशिवाय कोणी पुढे जाऊ देणार नाही, आणि आंबील पोटात गेल्यावर चढ चढवत नाही.

सायकल कोणतीही चालेल. ब्रेक लागले पाहिजेत आणि हवा भरलेली पाहिजे. नव्या महागड्या सायकलींबद्दल एक सूचना जरूर करीन. खेड्यातल्या पंक्चरवाल्याकडे साध्या सायकलीच्या नळीचा पंप असतो, फार तर मोटारसायकलीचा. बारीक नळीच्या परदेशी धाटणीच्या ट्यूबला तो बसेलच असे नाही, आणि त्या मापाची ट्यूब त्याच्याकडे मिळतही नाही. अशी सायकल असेल त्याने आपला पंप आणि दोन ट्यूब स्वतः बाळगाव्यात. अण्णांच्या सायकलीला मात्र कुठल्याही गावात हवा मिळते. पावसाळ्यात मात्र कोणतीही सायकल घेऊन आतल्या कच्च्या रस्त्याला जाऊ नका. काळी माती मडगार्डात अशी बसते की दर शंभर पावलांवर काडीने उकरावी लागते.

गटात स्त्रिया असतील तर थांबे स्वच्छतागृह पाहून ठरवा. रविवारी शाळांना कुलूप असते, म्हणून आदल्या आठवड्यात एकाने मोटारसायकलीवर जाऊन पेट्रोल पंप किंवा ओळखीचे घर पाहून यावे. हे काम पुरुष संयोजक नेहमी विसरतात, मीही दोनदा विसरलो. वेग मोजणारे मोबाईलमधले अॅप त्या दिवशी सर्वांनी बंद ठेवावे, फलक आणि झेंडी दाखवणारे पाहुणे नसावेत. खाणे घरचे न्या, धपाटे आणि शेंगाची चटणी दुपारपर्यंत टिकते. हुरडा खायचा असेल तर शेतकऱ्याला आधी सांगून त्याचे पैसे ठरवा. गुळभेंडी, म्हणजे हुरड्याची ज्वारी, भरली असली तरी पंधरा माणसांसाठी कणसे भाजायची आगटी पेटवणे म्हणजे त्याचा अर्धा दिवस जातो.

एक गोष्ट मान्य करायला हवी. फाट्यावर माणूस उभा करण्याची पद्धत वीस जणांपर्यंतच नीट चालते. त्याहून मोठा गट झाला तर त्याचे दोन करा, प्रत्येकाला आपापला शेवटचा माणूस द्या आणि पंधरा मिनिटांच्या अंतराने सोडा. आणि ज्येष्ठांचे मोबाईल त्यांच्याच खिशात राहू द्या.