तिसरा अध्याय का सोडलास?

पत्र चार पानांचं आहे म्हणून आधी थोडक्यात सांगते. एक वाचक लिहितो की गेलं दीड वर्ष तो आधुनिक ख्रिस्ती थिऑलॉजीची, म्हणजे देव आणि विश्वास यांवर खोलात विचार करणाऱ्या अभ्यासकांची, पुस्तकं वाचतोय, परीक्षेसाठी वगैरे नाही, श्रद्धा म्हणूनच, जशी रोजची प्रार्थना तसं रोजचं वाचन. बार्थ झाला, बुल्टमान झाला, पानेनबर्ग झाला, मोल्टमान झाला, आता अकरावं पुस्तक हातात आहे. पास्टरांनी उपासनेत नाव न घेता सुनावलं की असल्या पुस्तकांनी विश्वासाला वाळवी लागते. घरात आई सारखं एकच विचारते, "छोटी आपल्याला परत भेटेल ना रे?" आणि हा प्रश्न इतका साधा नसतो हे तिला समजावून समजावून तो थकलाय. छोटी म्हणजे त्याची धाकटी बहीण, दीड वर्षापूर्वी गेली. त्याने मला विचारलंय एवढंच, की ताई, मंडळी, म्हणजे आमचं चर्च, सोडू का?

अरे, तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा एकाच वाक्यापाशी अडकले. मोल्टमानच्या आशेवरच्या पुस्तकाबद्दल तू लिहितोस, "तिसरा अध्याय तेवढा सोडला, जरा जड होता." झालं, एवढंच, आणि लगेच पुढे पास्टरांवर दीड पान.

बार्थची ती लांबच लांब वाक्यं तू पेन्सिलने खुणा करत वाचलीस, बुल्टमान तुला जड गेला नाही, आणि तिसरा अध्याय जड गेला? 1964 साली आलेलं ते पुस्तक माझ्याही वाचनात आहे, पाचच तर अध्याय आहेत त्यात, आणि तिसरा येशूच्या पुनरुत्थानावर, मेल्यानंतर त्याच्या पुन्हा उठण्यावर आहे. पहिले दोन त्याच्याकडे जातात आणि शेवटचे दोन त्याच्यातून निघतात, तो सोडला तर हातात काय राहतं सांग? आशेबद्दलची चर्चा राहते, आशा नाही राहत. तू जड म्हणून नाही सोडलास रे तो. तिथे छोटी होती.

छोटी गेली दीड वर्षापूर्वी आणि पुस्तकंही सुरू झाली दीड वर्षापूर्वी. पत्रात या दोन गोष्टी तू दोन वेगवेगळ्या पानांवर लिहिल्या आहेस, मध्ये एवढं अंतर ठेवून, की तुझं तुलाही त्या शेजारीशेजारी दिसल्या नसाव्यात.

आता मोल्टमानचंच सांगते, कारण तू त्याला वाचलंस पण तो कुठून आला ते बहुतेक नजरेआड केलंस. 1943 चा जुलै, हँबर्गवर बाँबवर्षाव चाललेला, हा सतरा वर्षांचा पोरगा विमानविरोधी तोफेवर ड्यूटीला, आणि शेजारी उभा असलेला मित्र बाँबने जागच्या जागी गेला. हा वाचला. देव कुठे आहे हे त्या रात्री त्याने आयुष्यात पहिल्यांदा विचारलं, त्याचं घर काही फार धार्मिक नव्हतं. पुढे युद्धकैदी म्हणून स्कॉटलंडच्या छावणीत असताना एका पाद्रीने त्याच्या हातात बायबल दिलं, त्यात त्याला 39 वं स्तोत्र सापडलं, गप्प राहून दुःख अजूनच वाढलं म्हणणाऱ्या माणसाचं, आणि मग मार्कच्या शुभवर्तमानातली क्रुसावरच्या येशूची ती आरोळी, माझ्या देवा, तू मला का सोडलंस. आपल्याला समजून घेणारा कुणीतरी इथे आहे असं त्याला वाटलं. त्याची सगळी थिऑलॉजी तिथून निघाली, 2024 मध्ये अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी तो वारला तोपर्यंत. म्हणजे ज्या पुस्तकामागे तू लपून बसलायस ते लिहिणारा स्वतः मेलेल्या मित्राचा प्रश्न घेऊन उघड्यावर येऊन उभा राहिलेला माणूस आहे. याचा मला खरंच राग आला, खोटं कशाला बोलू.

आणि आईचा प्रश्न साधा नसतो म्हणे! अरे, बुल्टमान आणि बार्थ ज्याच्यावरून भांडले, पानेनबर्ग ज्याच्यासाठी येशूचं पुन्हा उठणं ही इतिहासात खरोखर घडलेली गोष्ट आहे म्हणून ठाम उभा राहिला, तोच प्रश्न ती माउली विचारतेय, फक्त तळटिपा न देता. प्रेषित पौलसुद्धा बायबलमधल्या करिंथकरांच्या पहिल्या पत्रात पंधराव्या अध्यायात हेच म्हणतो ना, ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास व्यर्थ. तुमच्या घरात त्या मुद्द्याला सगळ्यात घट्ट धरून बसलेली ती आहे, आणि तू तिला सांगतोस की तुला कळत नाही.

बायबलमधला लाजर मेला तेव्हा त्याची बहीण मार्था रस्त्यातच येशूला गाठून जवळपास भांडली, तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. त्याने तिला प्रश्नाची गुंतागुंत नाही समजावली. तुझा भाऊ पुन्हा उठेल म्हणाला, यावर तुझा विश्वास आहे का असं तिलाच विचारलं, आणि थोड्या वेळाने स्वतः रडला. लाजरला आता आपण उठवणार हे माहीत असूनही रडला, हे मला दर वेळी वाचताना थांबवतं.

पास्टरांचं म्हणशील तर त्यांनी न वाचता बोलायला नको होतं, आणि नाव न घेता टोमणा मारणं तर अजिबातच नको होतं. पुस्तकंही सोडू नकोस, विश्वासाने वाचणाऱ्याला ती मोडत नाहीत. पण मंडळी सोडू का याचं उत्तर मी आज देणार नाही, कारण तू पास्टरांवर जितका चिडलायस त्यातलं निम्मं त्यांच्यावरचं नाहीचे.

आज रात्री अकरावं पुस्तक बंद कर आणि तिसरा अध्याय काढ. पेन्सिल घेऊ नकोस. लागतील तितक्या रात्री लागू देत, मध्ये रडू आलं तर येऊ दे, पण शेवटच्या पानापर्यंत जा. आणि मग आईजवळ जाऊन बस, तिने विचारायची वाट बघू नकोस, छोटीचं नाव तू स्वतः काढ, आणि ती भेटेल का याचं तुझं स्वतःचं उत्तर तिला दे, बार्थचं नको आणि मोल्टमानचंही नको. हो म्हणता आलं तर हो म्हण. नाही आलं तर सांग की आई, मला भीती वाटते, आणि तिचा हात धर, मग ती काय म्हणते ते ऐक, मध्येच दुरुस्त न करता.