अधिकाराला मुदत, आमदाराला मत

गेल्या दोन महिन्यांत गुहागर, मालवण, महाड आणि राजापूर येथून या सदराकडे चार पत्रे आली. त्यांतील तक्रारी वेगवेगळ्या असल्या, तरी साऱ्यांचा रोख एकच आहे: सरकारचा अधिकार कुठे थांबतो आणि तो थांबवायचा कुणी? म्हणून या वेळची सारी जागा या पत्रांना दिली आहे. पत्रे संक्षिप्त केली असून पत्रलेखकांच्या विनंतीवरून त्यांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : खाडीलगतच्या जमिनींबाबत आम्हांला गावात सभा घ्यायची होती. जिल्ह्यात मनाई आदेश लागू असल्याचे सांगून परवानगी नाकारण्यात आली. पंधरा दिवस थांबलो, तर नवा आदेश निघाला, आणि असे तीनदा झाले. तिन्ही आदेशांच्या छायाप्रती सोबत पाठवत आहे. सरकार असा आदेश किती वेळा काढू शकते? (एक वाचक, गुहागर तालुका)

उत्तर : आपण पाठवलेले तिन्ही कागद मी शेजारी शेजारी ठेवून वाचले. जावक क्रमांक आणि तारखा सोडल्या, तर तिन्हींचा मजकूर अक्षरशः एकच आहे. पहिल्या आदेशात ज्या सणाचा ‘आगामी’ म्हणून उल्लेख आहे, तो सण होऊन गेल्यावर निघालेल्या तिसऱ्या आदेशातही तो आगामीच राहिला आहे. ज्या कुणी सही केली, त्याने परिस्थितीचा नव्याने विचार केला नाही, याचा याहून स्पष्ट पुरावा शोधावा लागणार नाही.

हे आदेश महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खालचे आहेत. जमावबंदीचा असा आदेश राज्य शासनाच्या मंजुरीवाचून पंधरा दिवसांहून अधिक काळ अमलात राहू शकत नाही, असे त्याच कलमात म्हटले आहे. ही मुदत विधिमंडळाने विचारपूर्वक घातली आहे. पंधरा दिवसांनंतरही बंदी हवी असेल, तर अधिकाऱ्याने वरच्याकडे जावे, कारणे सांगावीत आणि मंजुरी घ्यावी, हा तिचा हेतू आहे. दर पंधरवड्याला तोच कागद नव्या तारखेने काढला, की कायद्याचे अक्षर पाळले जाते आणि हेतू बुडतो. जमावबंदीचे आदेश असे एकामागून एक काढत राहणे हा अधिकाराचा गैरवापर आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० च्या अनुराधा भसीन खटल्याच्या निकालात म्हटले आहे. तो निकाल तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ संबंधी होता. त्याची जागा आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ ने घेतली आहे. माझ्या मते त्यातील तत्त्व कलम ३७ लाही लागू पडते. त्याआधी १९७२ मध्ये, हिम्मतलाल शहा यांच्या खटल्यात, याच १९५१ च्या पोलीस कायद्याखाली केलेला एक नियम न्यायालयाने रद्द ठरवला होता, कारण सार्वजनिक रस्त्यावरील सभेला परवानगी द्यायची की नाही हे ठरवण्याची कोणतीही कसोटी न देता तो सारे अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडत होता.

मुदत वाढवत नेण्याची ही युक्ती जुनी आहे. सावरकरांवर १९२४ मध्ये रत्नागिरी जिल्हा न सोडण्याचे आणि राजकारणात भाग न घेण्याचे जे निर्बंध घातले गेले, ते पाच वर्षांसाठी होते. ते वाढवत वाढवत १९३७ पर्यंत चालवले. परकीय सरकार गेल्यानेही ही खोड गेली नाही. राज्यपालांचा अध्यादेश विधिमंडळ पुन्हा भरल्यापासून सहा आठवड्यांत आपोआप संपतो, असे राज्यघटना सांगते. तरी १९६७ ते १९८१ या काळात बिहार सरकारने २५६ अध्यादेश काढले आणि ते पुन्हा पुन्हा जारी करून काही तर जवळजवळ १४ वर्षे जिवंत ठेवले. हे उघडकीस आणले पुण्याच्या गोखले संस्थेतील प्राध्यापक डी. सी. वाधवा यांनी. ते बिहारचे मंत्री नव्हते की आमदार नव्हते. राजपत्रांची पाने उलटणारा एक अभ्यासक त्या कागदांच्या बळावर सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९८६ मध्ये जिंकला. आपण तीन आदेश जपून ठेवलेत, याचे मोल यावरून ध्यानात यावे.

आता करायचे ते असे. परवानगीचा अर्ज लेखी द्या, त्याची पोच घ्या आणि नकारही लेखी मागा. ज्याच्यावर निर्णयाचा परिणाम होतो त्याला कारणे कळवणे माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ नुसार बंधनकारक आहे, त्यामुळे प्रत्येक आदेशामागची टिपणी आणि अहवाल मागवून घ्या. सभा देवस्थानाच्या जागेत असेल, तर विश्वस्तांची संमती वेगळी लागेल. एवढे करूनही दाद मिळाली नाही, तर उच्च न्यायालयात रिट अर्जाचा मार्ग आहे, आणि ऑगस्ट २०२५ पासून रत्नागिरी व सिंधुदुर्ग हे जिल्हे कोल्हापूर खंडपीठाकडे आल्यामुळे त्यासाठी मुंबई गाठण्याची गरज उरलेली नाही.

प्रश्न : आम्ही रापणकर, म्हणजे किनाऱ्यावरून जाळे ओढणारे मच्छीमार आहोत. जाळी ठेवण्याचा आमचा मांगर वादळात पडला. तो पुन्हा उभारायला गेलो, तर एका कार्यालयाने ‘सीआरझेड’ म्हणून अडवले. खासदारांना विचारले, तर ते म्हणाले की हा नियम त्यांच्यापुढे कधी आलाच नाही. मग तो केला कुणी? (एक वाचक, मालवण तालुका)

उत्तर : खासदारांनी आपल्याला खरे तेच सांगितले. भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर संसदेने १९८६ मध्ये पर्यावरण संरक्षण कायदा केला आणि त्याच्या कलम ३ ने पर्यावरण रक्षणासाठी आवश्यक वाटतील ते सारे उपाय करण्याचा अधिकार केंद्र सरकारला दिला. त्या आधारावर १९ फेब्रुवारी १९९१ रोजी किनारा नियमन क्षेत्राची, म्हणजेच ‘सीआरझेड’ची, पहिली अधिसूचना निघाली. तिची जागा २०११ मध्ये दुसरीने आणि २०१९ मध्ये तिसरीने घेतली. भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतच्या पट्ट्यात काय बांधता येईल, हे या तीन अधिसूचनांनी ठरवले. त्यांपैकी एकीवरही लोकप्रतिनिधींचे मत घेतले गेले नाही.

किनाऱ्याला संरक्षण नको, असे मी मुळीच म्हणत नाही. देवबागला समुद्र कुठवर आला आहे, हे मालवणकरांना सांगायला नको. माझा आक्षेप नियम करण्याच्या रीतीला आहे. मसुदा राजपत्रात येतो, हरकतींसाठी साठ दिवस मिळतात, आणि मसुद्याची भाषा किनाऱ्यावरच्या माणसाची नसते. २०२० मध्ये पर्यावरण परिणाम मूल्यांकनाच्या मसुद्याबाबत दिल्ली उच्च न्यायालयाला सांगावे लागले, की तो आठव्या अनुसूचीतील २२ भाषांत द्या. नियमांवर देखरेख करणारी लोकसभेची समिती १९५३ पासून आहे, पण ती नियम झाल्यावर पाहते. माझ्या मते जी अधिसूचना माणसाच्या घराला, पोटाला किंवा फिरण्याला हात घालते, ती पुढच्या अधिवेशनात सभागृहाने मतदानाने मान्य केली नाही, तर अध्यादेशासारखीच आपोआप संपली पाहिजे.

आपल्या मांगराची घरपट्टीची जुनी पावती आणि ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा हाती ठेवा. पूर्वीपासूनच्या अधिकृत बांधकामाच्या दुरुस्तीचा विचार अधिसूचनेत केलेला आहे, आणि सारी मदार जुन्या नोंदीवर राहील.

प्रश्न : एका विधेयकाविरुद्ध आम्ही विद्यार्थ्यांनी एका आमदारांना निवेदन दिले. ते म्हणाले, ‘तुमचं म्हणणं पटतं, पण पक्षाचा व्हिप आहे.’ मग आम्ही निवडून कुणाला देतो? (एक विद्यार्थिनी, महाड)

उत्तर : या चार पत्रांत मला सर्वांत महत्त्वाचे वाटले ते आपले पत्र. नागरिकाचे स्वातंत्र्य आकसणारा कायदा अडवण्याचे पहिले ठिकाण सभागृह आहे, न्यायालय त्यानंतरचे. तिथे बसलेला माणूसच मोकळा नसेल, तर बाहेरचा कसा मोकळा राहणार?

५२ व्या घटनादुरुस्तीने १९८५ मध्ये दहावी अनुसूची आली. पक्षाच्या आदेशाविरुद्ध, म्हणजे व्हिपविरुद्ध, मत देणारा किंवा मतदानाला गैरहजर राहणारा सदस्य आपली जागा गमावू शकतो, असा तिचा नियम आहे. आयाराम-गयारामांना आळा घालणे हा हेतू चांगला होता. परंतु सरकार पाडण्याचे मत आणि एखाद्या कलमावरचे प्रामाणिक मत यांत या अनुसूचीने भेद केला नाही. रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग मिळून विधानसभेत १५ आमदार आहेत. ज्या विधेयकाचा किनाऱ्यावर थेट परिणाम होणार आहे, त्यावरही हे पंधरा जण आपापसांत बोलून एकत्र मत देऊ शकत नाहीत. एवढे करून पक्षांतर थांबले असते, तर गोष्ट वेगळी. एकट्याने मत देणारा अडकतो आणि घाऊक फूट पचते, हे महाराष्ट्राने २०२२ आणि २०२३ मध्ये पाहिले. सदस्यत्व जाण्याची भीती विश्वासदर्शक व अविश्वास ठरावापुरती ठेवावी, असे दिनेश गोस्वामी समितीने १९९० मध्येच सुचवले होते, आणि किहोतो होलोहान खटल्यात १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही व्हिपची व्याप्ती आवळण्याचीच दिशा दाखवली. मी त्यात फक्त अर्थसंकल्पाची भर घालीन. बाकी प्रत्येक विधेयकावर सदस्याला आपले मत देता आले पाहिजे.

आणि ते मत नावानिशी नोंदले गेले पाहिजे. महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक जुलै २०२४ मध्ये मांडले गेले, पुढे संयुक्त समितीकडे गेले, समितीकडे बारा हजारांहून अधिक सूचना आल्या आणि तिने त्यात काही बदलही सुचवले. समिती नेमली की मसुद्याला चाळण लागते, ती अशी. पण जुलै २०२५ मध्ये विधानसभेत ते आवाजी मतदानाने मंजूर झाले. विधेयक योग्य की अयोग्य यावर मतभेद राहोत. आपल्या आमदाराने त्यावर ‘होय’ म्हटले की ‘नाही’, हे नोंदीत पाहण्याचा मतदाराला हक्क असावा की नाही, यावर मतभेदाला जागा नाही. व्यक्तिस्वातंत्र्यावर निर्बंध घालणाऱ्या प्रत्येक विधेयकावर मतविभागणी, म्हणजे बाजूचे आणि विरोधातले सदस्य नावानिशी मोजणे, सक्तीची करावी. त्यासाठी घटनादुरुस्तीही लागत नाही, सभागृहाचा नियम बदलला तरी पुरे.

सभागृह मुळात बसलेही पाहिजे. पहिल्या लोकसभेच्या ६७७ बैठका झाल्या, सतराव्या लोकसभेच्या २७४. पंधराव्या लोकसभेत ७१ टक्के विधेयके समितीकडे गेली होती, सतराव्या लोकसभेत १६ टक्के.

आपण कुलाबा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जुन्या जिल्ह्यात राहता, म्हणून एक आठवण देतो. १७ सप्टेंबर १९३७ रोजी डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधानसभेत खोती, म्हणजे खोतांमार्फत शेतसारा वसूल करण्याची कोकणातील पद्धत, रद्द करण्याचे विधेयक मांडले. ते सरकारी नव्हते, एका सदस्याचे होते. त्याच्या मागे जानेवारी १९३८ मध्ये कोकणातले कूळ शेतकरी मुंबईत मोर्चाने गेले. ते विधेयक मंजूर झाले नाही, खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने. पण प्रश्न सभागृहाच्या दप्तरात गेला तो एका सदस्याच्या हातून. आज संसदेत खासगी सदस्याचे विधेयक कायद्यात उतरल्याचे १९७० नंतर एकही उदाहरण नाही.

प्रश्न : संसद आम्ही निवडतो, न्यायाधीश आम्ही निवडत नाही. मग संसदेच्या अधिकाराला मर्यादा का असावी? (एक ज्येष्ठ वाचक, राजापूर)

उत्तर : आपल्या मतदारसंघाने हा प्रश्न देशापुढे ठेवणारा माणूस लोकसभेत पाठवला होता. सर्वोच्च न्यायालयाच्या गोलकनाथ निकालाने मूलभूत हक्कांत बदल करण्याचा संसदेचा अधिकार नाकारला, तेव्हा १९६७ मध्ये तो अधिकार परत मिळवण्यासाठी बॅ. नाथ पै यांनी घटनादुरुस्तीचे विधेयक मांडले. लोकांवर त्यांचा अपार विश्वास होता, आणि त्यांच्याविषयी पूर्ण आदर ठेवून मी म्हणतो की या एका प्रश्नावर तो विश्वास पुरेसा नव्हता. १९७१ मध्ये ते गेले. त्यांच्या जागी निवडून आलेले मधु दंडवते जून १९७५ मध्ये आणीबाणीत बंगळूरच्या तुरुंगात पडले, आणि त्याच ऑगस्टमध्ये, विरोधी बाके अशी रिकामी असताना, पंतप्रधानांची निवडणूक न्यायालयाच्या कक्षेबाहेर नेणारी ३९ वी घटनादुरुस्ती लोकसभेने एका दिवसात संमत केली. राजापूरच्या मतदारांचे मत त्या दिवशी सभागृहात नव्हते. ती तरतूद नोव्हेंबर १९७५ मध्ये न्यायालयाने रद्द केली, ती १९७३ च्या केशवानंद भारती निकालातील मूलभूत चौकटीच्या तत्त्वावर: घटनेची मूळ चौकट संसदेलाही मोडता येत नाही.

तरीही सारी राखण न्यायालयाने करावी, असे मी म्हणत नाही, कारण १९७६ मध्ये स्थानबद्धांची दाद ऐकण्यास त्याच न्यायालयाने नकार दिला होता आणि न्या. खन्ना एकटे विरोधात उभे राहिले होते. पक्के काम केले ते १९७८ मध्ये संसदेनेच, ४४ व्या घटनादुरुस्तीने. २५ जून १९७५ च्या रात्री राष्ट्रपतींची सही झाली आणि मंत्रिमंडळाला ते दुसऱ्या दिवशी सकाळी कळले, म्हणून आता मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी लागतो. आणीबाणीला एका महिन्यात दोन्ही सभागृहांची विशेष बहुमताने मान्यता लागते आणि दर सहा महिन्यांनी ती नव्याने घ्यावी लागते. जीविताचा व स्वातंत्र्याचा हक्क बजावून घेण्याचा मार्ग आणीबाणीतही बंद करता येत नाही. शिवाय लोकसभेच्या एक दशांश सदस्यांनी लेखी मागणी केली, तर चौदा दिवसांत खास बैठक बोलावून आणीबाणी चालू ठेवायची की नाही हे ठरवावे लागते.

देशाच्या आणीबाणीला जे बंधन आहे, ते गुहागरच्या मनाई आदेशाला का नसावे? दोन महिन्यांहून अधिक चाललेला प्रत्येक मनाई आदेश विधानसभेपुढे ठेवावा आणि २८८ पैकी २९ आमदारांनी मागणी केली, तर त्यावर नावानिशी मतदान घ्यावे, अशी दुरुस्ती राज्याच्या पोलीस कायद्यात करता येण्याजोगी आहे. किनाऱ्यावरचे १५ आमदार आपल्याकडे आहेतच. आणखी १४ मिळवायचे आहेत.