विश्रांतीची तीन मिनिटे

प्रिय मुला,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र, वहीच्या चार पानांचे फोटो आणि रक्ततपासणीचा अहवाल मिळाला. स्क्वॉटचे, म्हणजे खांद्यावर वजनाचा बार घेऊन मारायच्या बैठकांचे, दहा-दहाचे चार सेट, मध्ये एक मिनिट विश्रांती, अशी नोंद सहा आठवडे सलग दिसते आणि शेजारी पेन्सिलीने ‘ग्रोथ हॉर्मोनसाठी’ असे लिहिलेले आहे. बारवरचे वजन मात्र या सहा आठवड्यांत ८० किलोवरून हललेले नाही.

कमी विश्रांतीने ग्रोथ हॉर्मोन, म्हणजे शरीराच्या वाढीचे हॉर्मोन, वाढते असे तू ऐकलेस, ते खोटे नाही. जेमतेम दहादा उचलता येईल असे वजन एकेका मिनिटाच्या विश्रांतीने उचलले, तर रक्तातले ग्रोथ हॉर्मोन जड वजन आणि तीन मिनिटांच्या विश्रांतीपेक्षा कितीतरी जास्त वाढते, हे अमेरिकेत विल्यम क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्येच दाखवले होते. पण ही उसळी तास-दीड तासात ओसरते आणि तिच्यामुळे ताकद वाढते, हे आपण परस्पर गृहीत धरतो. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात बारा तरुणांच्या एका दंडाला नुसता व्यायाम दिला, तर दुसऱ्या दंडाच्या व्यायामानंतर लगेच पायांचा भरपूर व्यायाम करून घेतला, म्हणजे त्या दंडाला हॉर्मोनने भरलेले रक्त मिळावे. पंधरा आठवड्यांनी दोन्ही दंडांची जाडी आणि ताकद सारखीच वाढलेली होती. मीही तरुणपणी विश्रांती कमी करत पंचेचाळीस सेकंदांवर आणली होती. धाप लागे, घाम निथळे, मेहनत केल्याचे समाधान भरपूर मिळे, आणि स्क्वॉट चार महिने ११० किलोवरच अडून राहिला.

ताकद मुख्यतः वजनाच्या भाराने वाढते, आणि जड भार पुन्हा नीट उचलण्यासाठी शरीराला दम घ्यावा लागतो. २०१६ मध्ये सरावलेल्या पुरुषांवर झालेल्या एका प्रयोगात बाकी सगळे सारखे ठेवून विश्रांती एकाऐवजी तीन मिनिटे केली, तर आठ आठवड्यांत स्क्वॉट आणि बेंच प्रेस (बाकावर उताणे पडून वजन वर ढकलणे) दोन्हींची ताकद अधिक वाढली. म्हणून आठवड्यातले दोन दिवस जड ठेव: एकदाच उचलता येईल अशा तुझ्या कमाल वजनाच्या ८० ते ८५ टक्के, तीन ते पाच रेप्सचे (सलग उचलण्यांचे) चार-पाच सेट, मध्ये पूर्ण तीन मिनिटे, आणि प्रत्येक सेटमध्ये अजून एखादा रेप निघाला असता इतका दम शिल्लक. जोर-बैठका सोडू नकोस. त्या दमासाठी आहेत, कमाल ताकदीचा हिशेब त्यांच्याकडे मागू नये, इतकेच.

आता अहवालाकडे वळतो. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हॉर्मोन कमी आले म्हणून तू घाबरला आहेस. पण नमुना संध्याकाळी सहाला, मॅटवरच्या सरावानंतर दिलेला आहे, तोही वजनगट गाठण्यासाठी तू जेवण तोडलेस त्याच आठवड्यात. हे हॉर्मोन सकाळी सर्वांत जास्त असते, आणि खर्चाच्या मानाने पोटात कमी पडले की शरीर त्याच्यावरही काटकसर करते. झोपेचेही तसेच आहे. शिकागो विद्यापीठात दहा निरोगी तरुणांना आठवडाभर रात्री पाचच तास झोपू दिले, तेव्हा त्यांचे दिवसाचे टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्क्यांनी उतरले. तू तर पहाटे साडेचारला उठून रात्री बारापर्यंत मोबाईल पाहतोस, असे तूच लिहिले आहेस. सेट आणि रेप्स कसेही मांडलेस तरी ही तूट त्यांनी भरून येणारी नाही.

स्पर्धा झाल्यावर तीन आठवडे पोटभर जेव, आठ तास झोप, आणि मग सकाळी उपाशीपोटी पुन्हा तपासणी कर. तरीही आकडा कमी आला तर डॉक्टरांकडे जा. दुकानदाराने ‘हॉर्मोन वाढवणारा’ म्हणून दिलेला डबा मात्र उघडू नकोस, कारण उत्तेजकविरोधी (डोपिंगविरोधी) नियमांनुसार तुझ्या नमुन्यात जे सापडेल त्याची जबाबदारी तुझी असते, डबा दुसऱ्याने दिला म्हणून ती टळत नाही. त्याच्या लेबलचा फोटो पाठव आणि नव्या पानांवर विश्रांतीची वेळही घड्याळ पाहून लिही.

तुझा,
वस्ताद