संशोधकाने शिकायचे कुठे?

प्रश्न : मी गडचिरोली जिल्ह्यातील कुरखेडा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका असून सामाजिक-सांस्कृतिक अध्ययन सिद्धांतावर पीएच.डी. करीत आहे. आराखड्यात दोन गट, पूर्वचाचणी आणि उत्तरचाचणी अशी मांडणी केली आहे. संशोधन पद्धतीच्या तीन कार्यशाळा केल्या, तरी मुलांचे शिकणे टिपायचे कसे, हे उमगलेले नाही. मे महिन्यात माझी चौथीतली एक विद्यार्थिनी आजीजवळ बसून तेंदूपत्त्याचे पुडे बांधताना दिसली. पाच-पाच पाने उचलत ती ७० पानांचा पुडा बिनचूक पुरा करीत होती. वर्गात मात्र तिचा पाचाचा पाढा अडतो. विद्यापीठापासून दूर राहून संशोधक म्हणून माझी तयारी कशी व्हावी?

उत्तर : आपल्या पत्रातील त्या मुलीच्या चार ओळी मला आपल्या आराखड्यापेक्षा मोलाच्या वाटतात, म्हणून सुरुवात तिथूनच करतो. आपल्या सिद्धांताचा पाया घालणारे मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हायगॉट्स्की (१८९६–१९३४) यांचे म्हणणे असे की, मूल एकट्याने काय करू शकते यासोबतच जाणत्या माणसाच्या सोबतीने ते काय करू शकते हेही पाहावे. या दोहोंमधल्या अंतराला त्यांनी समीप विकासाचे क्षेत्र म्हटले. आपल्याकडच्या कितीतरी प्रबंधांत हे क्षेत्र दोन चाचण्यांच्या गुणांमधली वजाबाकी होऊन बसते. त्या वजाबाकीत आजीने पाने कशी पुढे सरकवली, चूक झाल्यावर ती काय बोलली आणि कोणत्या क्षणी गप्प राहिली, यांतले काहीच उरत नाही, आणि सिद्धांताचा सगळा जीव तर तिथेच आहे. (‘स्कॅफोल्डिंग’, म्हणजे शिकणाऱ्याला गरजेपुरता दिलेला आधार, हा शब्दही व्हायगॉट्स्की यांच्या नावावर खपवला जातो, तो वुड, ब्रूनर आणि रॉस यांच्या १९७६ च्या लेखामुळे रूढ झाला. प्रबंधात ही चूक राहू देऊ नये.)

आता आपल्या तयारीविषयी. जीन लेव्ह आणि एटिएन वेंगर या अध्ययनाच्या अभ्यासकांनी १९९१ साली लायबेरियातील शिंपी, मेक्सिकोच्या युकातानमधील माया सुईणी अशा उदाहरणांवरून दाखवले की, नवखा माणूस कामाच्या कडेला बसून, छोटी पण खरी कामे करीत हळूहळू जाणत्यांत सामील होतो. हे शिंप्याला लागू असेल तर संशोधकालाही लागू आहे. तीन दिवसांच्या कार्यशाळेत पद्धतीची नावे कळतात. टिपण वाचायचे कसे, हे मात्र दुसऱ्या कोणाच्या शेजारी बसून तेच टिपण पुन्हा पुन्हा वाचल्यानेच येते. आपणांस कार्यशाळांनंतरही अपुरे वाटते, त्यात आपली काही उणीव नाही.

या बाबतीत ॲरिझोनातील टुसॉन शहरातले काम आपण अवश्य वाचावे. लुईस मॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या या अभ्यासात शाळेतले शिक्षकच संशोधक म्हणून मेक्सिकन वंशाच्या कष्टकरी विद्यार्थ्यांच्या घरी गेले, घरातील कामधंद्याचे ज्ञान समजून घेतले, आणि शाळा सुटल्यावर अभ्यासगटात बसून आपापल्या नोंदींवर चर्चा केली. घरभेटी अनेकजण करतात; त्यांची नजर घडवली ती या गटातल्या बोलण्याने.

असा गट कुरखेड्यातही उभा राहू शकतो. आपल्या शाळांच्या केंद्रात होणाऱ्या शिक्षण परिषदेला, म्हणजे शिक्षकांच्या बैठकीला, येणाऱ्यांपैकी तीन-चार जण पुरेत. दर पंधरवड्याला एकाने पाच-सात मिनिटांच्या संवादाचे शब्दशः लेखन आणावे आणि सर्वांनी तेवढेच वाचावे. पहिल्या वाचनात फक्त काय घडले ते सांगायचे. ‘आत्मविश्वास वाढला’ यासारखी वाक्ये त्या दिवशी वर्ज्य. संवाद गोंडीत किंवा झाडीबोलीत असेल तर तो प्रमाण मराठीत घासून आणू नये, मूळ शब्द तसेच ठेवावेत. गोंडी जाणणारी गावातली व्यक्ती गटात असावी, तीही दुभाषी म्हणून नव्हे तर अर्थ लावणारी सहकारी म्हणून, आणि प्रबंधात तिच्या वाट्याची नोंद तिच्या संमतीने व्हावी. ध्वनिमुद्रणापूर्वी घरच्यांची परवानगी त्यांना कळणाऱ्या भाषेत घ्यावी, मुलीलाही विचारावे. मार्गदर्शकांना महिन्यातून एकदा त्याच लेखनाची प्रत पाठवून फोनवर तेवढ्यावरच बोलावे. ‘प्रगती कशी आहे’ या प्रश्नाला उत्तर देत बसण्यापेक्षा हे उपयोगाचे ठरते.

चाचण्या पूर्णपणे टाकून द्याव्यात, असे मी म्हणणार नाही. पण त्यांच्या आधी त्या पुड्याचे काम नीट पाहून घ्यावे. पाच-पाचच्या चौदा उचलींनी ७० होतात. ती मुलगी उचली मोजते, की पाच, दहा, पंधरा असे म्हणत जाते, की जुडीची जाडी बोटांना कळते? या तिन्हींत गणित वेगळे आहे आणि पाढ्याशी असलेले त्याचे नातेही वेगळे आहे. पुढच्या हंगामात आजीजवळ बसून तिलाही विचारावे, की नातीच्या हाती आधी कोणते काम दिले, पुडा बांधायची साल सोलायचे की पाने लावायचे, आणि मोजणी तिच्यावर सोपवावी असे कशावरून वाटले.