आडतीचं दुकान, मोडीच्या चोपड्या आणि वकिली

प्रश्न : लातूरला माझं आडतीचं दुकान आहे. मुलगी बारावी आर्ट्सला आहे. तिला इतिहासात बी.ए. करायचंय. आजोबांच्या मोडीतल्या चोपड्या माळ्यावरून काढून वाचत बसते. मी म्हणतो, लॉ कर. उधारीच्या केसेससाठी वकिलाकडे खेटे घालून वैतागलोय, घरातलंच कुणी असलेलं बरं. ती म्हणते, कोर्टाशी माझा काय संबंध? काय करावं? – एक पालक

उत्तर : आधी उधारीचं बोलू. विकलेल्या मालाच्या पैशांसाठी दावा लावायची मुदत साधारण तीन वर्षं. मुलगी वकील व्हायला किमान पाच. म्हणजे आजची येणी तिच्या हातात पडेपर्यंत मुदतबाह्य झालेली असतील! त्यांच्यासाठी आहे तोच वकील ठेवा आणि हे कारण तिच्या करिअरमधून काढून टाका.

आता तिच्या प्रश्नाकडे येतो, कारण कोर्टाशी संबंध नाही हे तिचं म्हणणं मला पटत नाही. ती ज्या चोपड्या वाचतेय तो पुरावाच आहे. नियमित ठेवलेल्या हिशेबवहीतली नोंद कोर्टात ग्राह्य धरली जाते, पण निव्वळ तेवढ्यावर समोरच्याच्या गळ्यात देणं मारता येत नाही. जोडीला आणखी पुरावा लागतो. हा नियम 1872च्या पुरावा कायद्यात होता, नव्या साक्ष अधिनियमातही आहे.

त्या चोपड्यांत हुंडी, म्हणजे पैसे देण्याबद्दलची व्यापाऱ्यांची लेखी चिठ्ठी, सापडते का, हे तिला बघायला सांगा. दर्शनी म्हणजे दाखवताच पैसे, मुदती म्हणजे ठरल्या दिवशी. शहाजोग हुंडीचे पैसे शहालाच, म्हणजे बाजारात पत असलेल्या व्यापाऱ्यालाच द्यायचे. जोखमी हुंडी तर विम्याचीच भावंडं : माल सुखरूप पोचला तरच पैसे. मूळ हुंडी गहाळ झाली तर दुसरी प्रत ‘पेठ’, तीही गेली तर ‘परपेठ’. हे नियम कुठल्या सरकारने केले नव्हते, पेढ्यांनी पाळून पाळून पक्के केले. इंग्रजांनी 1881 साली चेक, हुंडीसारख्या कागदांसाठी निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायदा आणला, तेव्हा पहिल्याच कलमात देशी भाषांतल्या अशा कागदांची स्थानिक वहिवाट अबाधित ठेवली. तुमच्या चेक बाऊन्सच्या केसेस ज्या 138 कलमाखाली चालतात, तो हाच कायदा. ते कलम मात्र 1988च्या दुरुस्तीतलं.

आणि न्यायाधीश तरी कोण होते? इंग्लंडच्या राजाच्या 1726च्या सनदेने मुंबई, मद्रास, कलकत्त्याला मेयर कोर्टं आली. निवाडा करायला मेयर (नगराध्यक्ष) आणि नऊ आल्डरमन (नगरसभेचे सदस्य); त्यांतले बहुतेक व्यापारी, कायदा शिकलेले जवळजवळ नाहीतच. एतद्देशीयांच्या भांडणांत ही कोर्टं हात घालू लागली, तक्रारी झाल्या, आणि 1753च्या सनदेने दोन्ही बाजू राजी असल्याशिवाय तसे दावे घ्यायचे नाहीत असं ठरलं. फ्रान्समध्ये तर व्यापारी कोर्टांत व्यापाऱ्यांतूनच निवडून आलेले न्यायाधीश आजही बसतात. आपल्याकडे 2015च्या कायद्याने व्यापारी न्यायालयं आली. 2018च्या दुरुस्तीनंतर तीन लाखांपासूनचे व्यापारी दावे तिथे चालतात, आणि तातडीचा मनाई हुकूम वगैरे नको असेल तर दाव्याआधी मध्यस्थी करावीच लागते. ती मध्यस्थी करणाऱ्याला बाजार कसा चालतो हे कळलं तर किती बरं!

माझं मत : तिला इतिहासात बी.ए. करू द्या, मग तीन वर्षांचं एलएल.बी. पाचवर्षीय बी.ए. एलएल.बी.त इतिहास असतो, पण तोंडी लावण्यापुरता. एक वर्ष जास्त जाईल, जाऊ द्या. मोडी तिला घरबसल्या येतेच आहे. राज्य पुराभिलेख विभागाचे आणि पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाचे मोडीचे वर्ग असतात, त्यांची चौकशी करा. पुणे पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे ढीगच्या ढीग आहेत आणि मोडी सफाईने वाचणारे थोडे. जमिनीच्या जुन्या वादांतही अशा वाचकांची गरज पडते.

पैशांचं खरं सांगतो. नुसत्या संशोधनात पोट भरायला वेळ लागतो, ज्युनिअर वकिलीतही पहिली काही वर्षं हातखर्चाइतकेच मिळतात. कंपन्यांच्या करारांचं काम करणाऱ्या मोठ्या लॉ फर्म बरा पगार देतात, पण त्या बहुतेक मुलं राष्ट्रीय विधी विद्यापीठांतून उचलतात. तिकडेच जायचं असेल तर ‘क्लॅट’ ही त्यांची प्रवेश परीक्षा द्यावी लागेल आणि मग पाच वर्षांचाच रस्ता. त्यामुळे यंदा पाचवर्षीय लॉच्या परीक्षांचे फॉर्म भरून ठेवा. भरले म्हणून प्रवेश घ्यायलाच हवा असं नाही. निकालानंतर तीच ठरवेल, तुम्ही फक्त फी भरा.